‘कर’ नेमके कुठले? आडनावातले गाव आणि कागदातली वंशावळ

मुंबईच्या मांडवी भागात १७९६ साली शहरातले पहिले सिनेगॉग उभे राहिले. ते बांधणारे गृहस्थ कंपनी सरकारच्या फौजेत अधिकारी होते. इंग्रजी कागदांत त्यांचे नाव सॅम्युएल इझेकिएल, घरच्या मराठीत सामाजी हसाजी दिवेकर. म्हैसूरच्या युद्धात ते टिपूच्या कैदेत पडले, सुटून परतले आणि त्या सुटकेच्या कृतज्ञतेपोटी त्यांनी हे प्रार्थनामंदिर बांधले, असे बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते.

आता दुसरे दिवेकर पाहा. महादेवशास्त्री दिवेकर हे विसाव्या शतकातले हिंदू धर्मशास्त्राचे नामांकित अभ्यासक. एकाच्या घरी शब्बाथ पाळला जाई, दुसऱ्याच्या घरी स्मृतिग्रंथांचे पारायण चाले. आडनाव मात्र अक्षरशः एकच.

मग या आडनावाने आपल्याला सांगितले काय? एवढेच, की दोन्ही घराण्यांतील कोणी तरी पूर्वज ‘दिवे’ नावाच्या गावाशी जोडलेला होता. तेही कोणते दिवे? रायगड जिल्ह्यात दिवेआगर आहे, भिवंडीजवळ दिवे-अंजूर आहे, पुरंदर तालुक्यात दिवे घाटाला नाव देणारे दिवे आहे. आडनावाच्या आधारे कुळाचा शोध घेऊ पाहणारा माणूस पहिल्याच पावलाला तीन रस्त्यांच्या फाट्यावर येऊन उभा राहतो.

‘कर’ या प्रत्ययाचा स्वभाव नीट समजून घेतला पाहिजे. ज्या गावात सगळेच पेणचे, तेथे कोणालाही ‘पेणकर’ म्हणून वेगळे ओळखण्याची गरज पडत नाही. ती ओळख गाव सोडल्यावर चिकटते, आणि बहुधा नव्या गावातले लोकच ती चिकटवतात. म्हणून ‘कर’ लावलेले आडनाव ही मुळात स्थलांतराची नोंद असते. घराण्याचा उगम कोठे झाला हे ते सांगत नाही. नाव पडण्याच्या वेळी घराणे कोठून आले होते, इतकेच सांगते. त्याआधी त्याच घराण्याने आणखी चार गावे सोडलेली असू शकतात. त्या गावांचा आडनावात मागमूसही उरत नाही.

याला अपवाद आहेत. गोव्यातला ‘गावकर’ हा गावाबाहेरून आलेला माणूस नव्हे, उलट गाव वसवणाऱ्यांचा वारस. गावाच्या सामाईक जमिनीत त्याचा वंशपरंपरागत हक्क असे, आणि पोर्तुगीजांनी १५२६ सालच्या सनदेत हे जुने हक्क नोंदवून घेतले. एकच प्रत्यय, आणि अर्थ जवळजवळ उलटा. मोठमोठी सरदार घराणीही गावाच्या नावाने ओळखली गेली. नीरेकाठच्या होळ गावावरून होळकर, फलटणजवळच्या निंबळकावरून निंबाळकर. तरीही सर्वसाधारण नियम ‘गाव सुटले की आडनाव लागले’ असाच राहतो.

बेने इस्रायल समाज हे या नियमाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे, आणि आडनावाची मर्यादा कोठे येते याचेही.

या समाजाची आठवण अशी, की फार प्राचीन काळी त्यांच्या पूर्वजांचे जहाज कोकण किनाऱ्यावर फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि अलिबागजवळच्या नवगावात त्यांनी वस्ती केली. बुडून मेलेल्यांचे दफन तेथेच झाले असे मानतात. पुढे ते कुलाब्याच्या खेड्यापाड्यांत पसरले, तेलाचे घाणे चालवू लागले, आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. भाषा मराठी, पोशाख स्थानिक. नावेही मराठी वळणाची झाली: अब्राहमचा आबाजी, आयझॅकचा इसाजी, सॅम्युएलचा सामाजी, इझेकिएलचा हसाजी. टिकून राहिले ते शब्बाथ, सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि काही प्रार्थनावचने.

अठराव्या शतकात हे लोक मुंबईकडे सरकू लागले. कोणी फौजेत गेले, कोणी बांधकामावर, कोणी कचेऱ्यांत. तेव्हा त्यांची गावे त्यांच्या नावांमागे आली: किहीमकर, पेणकर, रोहेकर, चौलकर, नवगावकर, दिवेकर. अशी शंभराहून अधिक आडनावे या समाजात आढळतात. नकाशावर ती ठिपक्यांनी दाखवली, तर आजच्या रायगड जिल्ह्यात हा समाज कसा विखुरला होता याचे चित्रच उभे राहते. समाजाचा पहिला मोठा इतिहास लिहिणाऱ्या हाईम सॅम्युएल किहीमकर यांचे आडनावही याच नकाशातले. अलिबागच्या उत्तरेला समुद्रकाठी किहीम आहे.

पुढे गंमत अशी झाली की एकोणिसाव्या शतकात इंग्रजी शिक्षण आले, बायबलमधली नावे मूळ रूपात परतली आणि अनेक कुटुंबांनी ‘कर’ सोडून बापाचे किंवा आजोबाचे नावच आडनाव म्हणून लावायला सुरुवात केली. इझेकिएल, रूबेन, सॅमसन, डेव्हिड. एकाच आजोबांचे दोन नातू दोन वेगळ्या आडनावांचे होऊ लागले. वंशावळ शोधणाऱ्याच्या दृष्टीने गाव सांगणारा एकुलता एक धागाही येथे तुटतो.

तरी भारतात हे कोणाला अडले नाही. अडले ते हजारो मैल दूर.

१९४८ साली इस्रायल राष्ट्र स्थापन झाल्यावर बेने इस्रायल कुटुंबे तिकडे जाऊ लागली. तेथे विवाहनोंदणी धर्मपीठाच्या हाती होती, आणि धर्मपीठातल्या काहींनी या लोकांच्या वंशाविषयी शंका घेतली. शतकानुशतके इतर ज्यूंपासून तुटून राहिलेल्या या समाजात बाहेरच्यांशी विवाह झाले असतील काय, घटस्फोट धर्मशास्त्रानुसार झाले होते काय, असे त्यांचे प्रश्न. १९६२ साली विवाहनोंदणी करणाऱ्यांना सूचना गेल्या, की बेने इस्रायल वधूवरांच्या आईची, आईच्या आईची, आणि शक्य असेल तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी.

हा प्रश्न क्रूर होताच. शिवाय आडनावाच्या साह्याने त्याला उत्तर देणे अशक्य होते. ज्यू धर्मशास्त्रात वंश आईकडून चालतो. ‘रोहेकर’ हे नाव बापाचे गाव सांगते. रोह्याच्या त्या बापाने लग्न कोणाशी केले, ती कोणाची मुलगी, तिची आई कोण, याबाबत ते मुके असते. कोकणातल्या तेल्याच्या घरी पणजीच्या आईचा कागद असणार कसा? समाजात स्वतःपुरता एक भेद पूर्वापार होताच. ज्यांच्या घरात बाहेरची स्त्री आली असे मानले जाई त्यांना ‘काळे’ म्हणत, इतरांना ‘गोरे’. पण तोही आठवणीवर चालणारा भेद होता, नोंदवहीवर नव्हे.

बेने इस्रायलांनी निदर्शने केली, जेरुसलेममध्ये धरणे धरले. अखेरीस १९६४ च्या ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेत हा विषय आला आणि सरकारने ते सर्वार्थाने ज्यूच आहेत असे जाहीर केले. धर्मपीठाला आपल्या सूचनांतून या समाजाचा नामनिर्देश काढावा लागला. २०१६ साली जनुकीय अभ्यासातून या समाजात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वंशधागे ठळकपणे मिसळलेले असल्याचे दिसून आले. मात्र १९६२ साली लग्नाच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या जोडप्याला रक्ततपासणी उपलब्ध नव्हती, आणि तो प्रश्न रक्ताचा होता की हक्काचा, हाही वाद होताच.

येथे एक साधे गणित मांडून ठेवू. प्रत्येकाला दोन आईवडील, चार आजीआजोबा, आठ पणजी-पणजोबा. असे दुप्पट करत गेले की दहाव्या पिढीला पूर्वजांची संख्या १,०२४ होते. (प्रत्यक्षात नात्यात लग्ने होत असल्याने काही माणसे दोनदा मोजली जातात.) आडनाव या हजारांपैकी एकाच माणसाची रेषा धरून चालते. उरलेल्या १,०२३ पूर्वजांचा त्यात उल्लेखही नाही, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक स्त्रिया.

बेने इस्रायलांकडे कागद नव्हता. मग महाराष्ट्रात वंशावळीचा कागद होता कोणाकडे?

ज्याच्याकडे वतन होते, त्याच्याकडे.

पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे ही पदे वंशपरंपरेने चालत. त्यांच्याबरोबर इनाम जमीन, हक्क आणि मानपान येत. होळीची पहिली पोळी कोणाची, पोळ्याच्या मिरवणुकीत कोणाचे बैल पुढे, लग्नात विडा आधी कोणाला, या प्रश्नांवर भाऊबंद पिढ्यानपिढ्या भांडत. आज हसू येते, पण आपल्या हातात आलेल्या बहुतेक जुन्या वंशावळी या भांडणांनीच निर्माण केल्या आहेत. थोरली शाखा कोणती हे ठरवायचे तर पणजोबांपर्यंत मागे जाऊन सिद्ध करावे लागे. वादी आपल्या घराण्याची हकिकत लिहून देई, तिला ‘करीना’ म्हणत. गोतसभा बसे, आजूबाजूच्या गावांचे पाटील, कुलकर्णी, बलुतेदार साक्षीला येत, आणि निर्णयाचा ‘महजर’ तयार होई. त्यावर पाटलाच्या नावापुढे नांगराची निशाणी असे, कुलकर्ण्याच्या नावापुढे दौत-लेखणीची, न्हाव्याच्या पुढे आरशाची. पुराव्याने निकाल लागेना, तर दिव्यावर पाळी येई. उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढावा लागे.

या कागदांत आडनाव फार वेळा दिसतच नाही, हे नव्या संशोधकाला बुचकळ्यात टाकते. तेथे नोंद असते ती ‘अमुक बिन तमुक, मोकदम, मौजे अमुक, तर्फ अमुक, प्रांत अमुक’ अशी. ‘बिन’ म्हणजे मुलगा, मोकदम म्हणजे पाटील. माणसाची ओळख बापाचे नाव, पद आणि गाव या तीन खुंट्यांवर टांगलेली. आजही मराठी माणूस स्वतःच्या आणि आडनावाच्या मध्ये वडिलांचे नाव लिहितो, ती याच पद्धतीची शिल्लक म्हणायला हरकत नाही. ती जपून ठेवलेल्या घरांत दोन पिढ्यांचा पुरावा प्रत्येक सहीत मिळतो.

मात्र तेथेही एक सापळा आहे. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल. नाना फडणवीस म्हणजे बाळाजी जनार्दन. त्यांचे वडील जनार्दन बाळाजी. त्यांचे आजोबा बाळाजी महादेव. एका कागदात नुसते ‘बाळाजीपंत’ आले, तर ते आजोबा की नातू, हे सालावरूनच ठरवावे लागते. आणि साल तरी सरळ कोठे असते? मोडी कागदांत ते बहुधा सुहूर सनात आणि अरबी संख्यावाचकांत लिहिलेले. ‘सलास मया व अलफ’ म्हणजे तीन, शंभर आणि हजार, एकूण ११०३. त्यात वर्षातल्या महिन्यानुसार ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन १७०२-०३ हाती येते. हा हिशेब चुकवून आजोबांच्या लढाया नातवाच्या नावावर घालणाऱ्या कुळकथा काही कमी नाहीत.

नानांचेच उदाहरण आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. त्यांच्या घराण्याचे आडनाव भानू, गाव कोकणातले वेळास. फडणीस हे पद होते. पद घरात टिकले आणि आडनाव झाले. पेशव्यांचे घराणे श्रीवर्धनचे भट. १७१३ साली बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद मिळाले, आणि पुढच्या पिढ्यांत ‘पेशवे’ हीच घराण्याची ओळख बनली. त्यामुळे महाराष्ट्रातले सगळे कुलकर्णी किंवा सगळे देशमुख एका मुळातून आले, हा समज मुळातच निराधार आहे. प्रत्येक गावाला आपला कुलकर्णी होता आणि प्रत्येक परगण्याला आपला देशमुख. ही आडनावे एकेका कचेरीची आहेत, एका कुळाची नव्हेत.

कागद मिळाला म्हणजे सत्य मिळाले, असेही नाही. हक्क ज्या कागदावर ठरतो, तो कागद बनावट करण्याचा मोह तेव्हाही होता. शिवाय वतने विकली जात. कर्जात बुडालेला पाटील आपल्या पाटीलकीचा हिस्सा विके, आणि काही खरेदीखतांत विकत घेणारा त्या वतनापुरता भाऊ ठरे. दोनशे वर्षांनी त्या दोघांचे वंशज एकमेकांना भाऊबंद म्हणतात, आणि ते खोटे बोलत नसतात. दत्तकाचेही तसेच.

वंशावळीचे वजन किती असू शकते, हे पाहायचे तर १८७५ साल पाहावे. बडोद्याचे मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले, आणि खंडेरावांच्या विधवा महाराणी जमनाबाईंना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावात याच घराण्याची एक शाखा शेती करून राहत होती. तिचे मूळ गादीशी नाते वंशावळीने जोडलेले होते. त्या शाखेतल्या काशीरावांचा बारा वर्षांचा मुलगा गोपाळराव बडोद्याला नेला गेला आणि सयाजीराव तिसरे झाला. आडनाव त्याचे आधीही गायकवाडच होते. पण गायकवाड आडनावाची माणसे महाराष्ट्रभर आहेत. गादी मिळाली ती पूर्वजांच्या नावांची साखळी दाखवता आली म्हणून. (गायीला कवाड उघडून वाचवले म्हणून ‘गायकवाड’ ही कथा गोड आहे. अशा कथा आडनावानंतर जन्मतात आणि आडनावाच्या आधीच्या म्हणून सांगितल्या जातात. ‘घोरपडे’ या नावाची गोष्टही त्याच जातीची.)

छत्रपतींच्या घराण्याबाबतही हाच फरक ध्यानी ठेवावा लागतो. भोसल्यांकडे हिंगणी-बेरडी, देऊळगाव, वेरूळ येथल्या पाटीलक्या होत्या, हा वतनाचा भाग. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी मेवाडच्या सिसोदे घराण्याशी नाते सांगणारी वंशावळ पुढे आली, आणि तिच्याविषयी इतिहासकारांत आजही एकमत नाही. रा. चिं. ढेरे यांनी शिखर शिंगणापूरच्या अभ्यासातून दक्षिणेतल्या होयसळांकडे जाणारा वेगळाच मार्ग सुचवला. महाराजांचे कर्तृत्व यांपैकी कोणत्याही रेषेवर अवलंबून नाही, म्हणून हा वाद शांतपणे वाचता येतो. वाचावाही.

इंग्रजी अमलात वंशावळींचा एक मोठा पूर आला. १८५२ साली इनाम कमिशन कायद्याने उभे राहिले, आणि इनामदारांना आपला हक्क कोणत्या सनदेने व कोणत्या वारसाने चालत आला हे दाखवणे भाग पडले. अनेकांची इनामे गेली. दक्षिण महाराष्ट्रातल्या असंतोषाचे ते एक मोठे कारण ठरले. वंशावळ शोधणाऱ्याला मात्र या छळाचा विचित्र लाभ झाला, कारण घराघरांतल्या सनदा, कैफियती आणि वारसांच्या याद्या सरकारदरबारी जमा झाल्या. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराबरोबर हे कागद कापडी रुमालांत बांधून ठेवलेले आहेत, बहुतेक मोडीत. सरकारकडे न गेलेले कागद गावोगाव हिंडून गोळा करण्याचे काम वि. का. राजवाडे यांनी केले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले तेही त्यांच्याच पुढाकाराने. वाड्याच्या माळ्यावर वाळवी लागलेली दफ्तरे मिळवताना राजवाड्यांना अनेक दारांवरून हात हलवत परतावे लागले. कागद बाहेर गेला तर वतन जाईल, ही धास्ती त्या दारांमागे होती. इनाम कमिशन पाहिलेल्या घरांची ती धास्ती अगदीच वेडगळ म्हणता येत नाही.

ज्यांच्याकडे वतन नव्हते, किंवा होते ते फक्त राबण्याचे, त्यांचे काय?

महार समाजाचे लोक गावच्या सीमेच्या तंट्यांत महत्त्वाचे साक्षीदार असत. शीव कोठून जाते हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसे. म्हणून महजरांत त्यांची नावे आढळतात. पण त्यांच्या स्वतःच्या घराण्याची पिढ्यानपिढ्यांची यादी लिहून ठेवण्याची गरज कोणत्याही सत्तेला वाटली नाही. अशा घरांच्या बाबतीत लेखी इतिहास बहुधा दोन ठिकाणी सुरू होतो: पलटणीच्या हजेरीपटात आणि शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात.

बाबासाहेब आंबेडकरांच्या घराण्याचे आडनाव सकपाळ, मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. वडील रामजी सैन्यात सुभेदार होते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत मुलाचे नाव दाखल झाले ते ‘भिवा रामजी आंबेडकर’ असे. गावावरून आलेले नाव शाळेच्या वहीतून जगभर गेले. आडनाव पक्के होण्याचा क्षण इतका नेमका सांगता येणे ही दुर्मीळ गोष्ट आहे. बहुसंख्य मराठी कुटुंबांत तो क्षण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात किंवा विसाव्याच्या आरंभी, कोणा मास्तराच्या वा तलाठ्याच्या लेखणीखाली, कोणाच्या लक्षातही न येता घडून गेला. तोवर त्याच घरातला एक भाऊ पदाने, दुसरा गावाने आणि तिसरा धंद्याने ओळखला जात असणे यात वावगे काही नव्हते. दीनानाथ मंगेशकरांनी गोव्यातल्या मंगेशी गावावरून आपले आडनाव घेतले. एका पिढीत घेतलेले ते नाव आज शतकांपूर्वीचे वाटते.

वतनाबाहेरच्यांनाही स्थान देणारी एक नोंद आहे, तीर्थक्षेत्रातली. नाशिक, त्र्यंबकेश्वर, गया येथले तीर्थोपाध्याय यात्रेकरूंची नावे वह्यांत लिहून ठेवत आले आहेत. यात्रेकरू स्वतःचे, वडिलांचे, आजोबांचे, भावांचे आणि मुलांचे नाव सांगे, शक्य असल्यास सही करी. पुढच्या पिढीतला कोणी आला की त्याच पानाला जोडून नवी नोंद. या वह्या पाहायला गेलेल्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो गावाचा, आडनाव नंतर. दिवेकरांच्या तीन दिव्यांपैकी कोणते, हे ठाऊक नसेल तर वही उघडतच नाही. दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकाच्या सीमेवर हेळवी लोक घरोघरी येऊन त्या घराची वंशावळ सांगत आणि नवी नावे आपल्या संग्रहात घालत. कागद, ताम्रपट आणि स्मरण यांचे ते फिरते दफ्तरच.

स्त्रिया या सर्व नोंदींत तुरळक. लग्नात आडनाव बदलले, अनेक घरांत नावही बदलले. बहुतेक जुन्या वंशवृक्षांत फांद्या पुरुषांच्याच काढलेल्या. तिचे माहेर शोधायचा मार्ग उलटा असतो, म्हणजे तिच्या भावाच्या घराच्या कागदांतून. किंवा दत्तकपत्रांतून, कारण पती वारल्यावर दत्तक घेणारी विधवा तेवढी नावानिशी कागदावर येते. जमनाबाईंसारखी.

शोध घेणाऱ्याने म्हणूनच आडनावाला कडेला ठेवून कुलदैवतापासून सुरुवात करणे अनेकदा फलदायी ठरते. रत्नागिरीतल्या, कारवारातल्या किंवा मंगळुरातल्या एखाद्या सारस्वत घराण्याचे कुलदैवत मंगेश किंवा शांतादुर्गा असेल, तर आडनाव काहीही असो, वाट गोव्याकडे जाते. गाव बदलते, आडनाव बदलते, भाषा बदलते. कुलदैवत शेवटी बदलते. त्यानंतर सातबारा आणि फेरफार, मग गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी म्हणजे कोतवाल बुक, मग शाळेचे रजिस्टर, आणि त्यामागे मोडी. एक पिढी साधारण पंचवीस ते तीस वर्षांची धरली तर शिवकाळापासून आजवर बारा ते चौदा पिढ्या होतात. एखाद्या घरगुती वंशावळीत तेवढ्याच काळात सात किंवा पंचवीस नावे असतील, तर कोठे तरी पाने गळाली आहेत किंवा चिकटवली आहेत, असे समजून पुढे जावे.

सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली कुणबी नोंदी तपासण्यासाठी समिती नेमली, आणि तहसील कचेऱ्यांतली, भूमी अभिलेखांतली, शाळांतली जुनी दफ्तरे पुन्हा उघडली गेली. मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. ज्या लिपीचे वर्ग कालपर्यंत मोजक्या हौशी मंडळींनी भरत, तिच्या एका ओळीवर आता दाखला अवलंबून होता. आरक्षणाचा वाद येथला विषय नाही. पण त्या खिडकीपाशी काय मागितले जाते, ते पाहण्यासारखे आहे. आडनाव जुळणे पुरेसे नसते. नोंद सापडलेल्या त्या जुन्या माणसापासून अर्जदारापर्यंत प्रत्येक पिढीचे नाव ओळीने लिहून, वंशावळ म्हणून जोडावे लागते.